पांढरी सोडून काळीत
(दोन घरांचा आणि दोन गल्ल्यांचा अभ्यास)

शनिवारी दुपारी हॉस्टेल रिकामं होतं. कुणी साताऱ्याची एसटी पकडतो, कुणी कराडची, कुणी नुसतं पलीकडच्या उपनगरात मावशीकडे जेवायला जातो. सोमवारी परत आलं की डब्यातल्या चटणीची चर्चा होते, पण ज्या घरात दीड दिवस काढला त्या घराकडे आपण सिव्हिलवाल्याच्या नजरेनं कधी बघत नाही. मीही बघत नव्हतो. मला बघायला लावलं ते सांगलीतल्या मामाच्या घरातल्या एका भेगेनं.

मामाचा बंगला म्हणजे सांगलीच्या उपनगरातलं साधं घर. एक मजला, पुढे छोटा ओटा, लोखंडी फाटक, तुळशीवृंदावन, कंपाउंडमध्ये अशोकाचं एक झाड, मागे मोरी आणि धुण्याचा दगड. नव्वदच्या दशकात नोकरीतल्या माणसानं पीएफ काढून, सोसायटीचं कर्ज काढून बांधलेली अशी घरं तुम्ही शेकड्यानं पाहिली असतील. बांधून दोन वर्षं झाली आणि पुढच्या खोलीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. मामानं ती तीनदा बुजवून घेतली. दर वेळी गवंडी म्हणाला, "आता बघायलाच नको." आणि दर वेळी पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली.

मी मामीला सहज विचारलं, "भेग पावसाळ्यात कशी असते?" मामी म्हणाली, "पावसाळ्यात बारीक होते की. मे महिन्यात माझं नख जातं आत." मामाला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. भेग श्वास घेते, हे घर झाडणाऱ्या बाईला माहीत होतं, घर बांधणाऱ्याला नव्हतं. माझा अभ्यास तिथून सुरू झाला.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या मराठीत गावच्या जमिनीचे दोन भाग सांगतात. शेती ती काळी आणि वस्ती ती पांढरी. बापजादे घर बांधायला पांढरी निवडायचे आणि काळीत पीक घ्यायचे. त्यामागे चांगली काळी जमीन घराखाली वाया जाऊ नये हा हिशोब असणारच, पण काळीवर घर टिकत नाही हा अनुभवही असणार. आपल्या शहरांची उपनगरं वाढली ती मात्र शेतं एन.ए. करून किंवा न करताच. म्हणजे आपण सरळ पांढरी सोडून काळीत राहायला गेलो.

सांगलीत गल्ल्यांची नावंसुद्धा हे सांगतात. साताऱ्यात पेठा आहेत: मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ, प्रतापगंज. चिमणपुरा, व्यंकटपुरा असे पुरे आहेत. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट. गाव 'प्लॉट' पाडून वाढलं हे नावातच आलं.

काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे एकमेकांना सैल चिकटलेले असतात. पाणी आलं की ते दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते, पाणी गेलं की ती आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे. शेतकऱ्याला त्याचं कौतुकच आहे, कारण अशी जमीन आपोआप उलथते. आपल्याला मात्र तिच्यावर भिंत उभी करायची असते.

आता गंमत अशी, की सगळं घर एकसारखं वर गेलं आणि एकसारखं खाली आलं तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते फरकानं. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असते, तिच्यातली ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हात वाळते आणि पावसात भिजते. मे महिन्यात कडा खाली बसतात, मधला भाग जागेवर राहतो. घर उपडं ठेवलेल्या ताटासारखं वाकायला बघतं. विटांच्या भिंतीला वाकणं जमत नाही, मग ती खिडकी-दाराच्या कोपऱ्यात तडकते, कारण भिंत तिथेच कमजोर. अशी भेग वरच्या बाजूला जास्त रुंद असते. उलट पावसाळ्यात कडा फुगून वर आल्या तर भेग खालच्या बाजूला रुंद दिसते. म्हणून भेग बघताना ती आहे की नाही एवढंच बघू नका. कुठे रुंद आहे आणि कुठल्या महिन्यात रुंद आहे, हे दोन प्रश्न विचारा. निम्मं निदान तिथेच होतं.

मामाच्या घरी आणखी एक भानगड होती. मागे मोरीचं आणि धुण्याचं पाणी बारा महिने मुरत होतं, त्यामुळे मागची माती कायम ओली आणि फुगलेली. पुढे भिंतीपासून पाचेक फुटांवर अशोक, तो उन्हाळ्यात आहे ते पाणीही ओढून घेणार. घराचं मागचं टोक ओलं आणि पुढचं कोरडं. यात गवंड्याचा दोष कमीच. पाया दोन-अडीच फूट खणला, तळाशी काळीच लागली आणि वर कुणी विचारणारं नव्हतं. दुमजली-तिमजली इमारतीचं वजन मातीच्या फुगण्याला थोडं तरी दाबून धरतं. एकमजली बंगला हलका, म्हणून तो जास्त सोसतो. आणि सगळ्यात हलकी असते कंपाउंडची भिंत. तुमच्या गल्लीतल्या कंपाउंडच्या भिंती वाकड्यातिकड्या असतील तर खाली काय आहे हे वेगळं सांगायला नको.

रॉकेलची परीक्षा

माती किती फुगीर आहे हे बघायची एक सोपी परीक्षा आपल्या सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आहे. जर्नल पूर्ण करण्यापुरती आपण ती करतो आणि विसरतो. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली वाळवलेली माती, १० ग्रॅमचे दोन भाग. दोन मोजपात्रं, एकात डिस्टिल्ड वॉटर आणि एकात केरोसिन, म्हणजे आपलं रॉकेल. माती टाकून, हवेचे बुडबुडे काढून २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये तिचा थर १२ मिलीलिटरवर थांबला आणि पाण्यात २१ वर, तर फरक ९, तो १२ नं भागला की ७५ टक्के. याला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. हा आकडा पन्नासच्या पुढे गेला तर उथळ पाया घालण्याआधी मी तरी दोनदा विचार करीन. रेशनवरचं रॉकेल आता घरोघरी राहिलेलं नाही, तेव्हा लॅब असिस्टंट काकांना विनंती करावी लागेल. ते आधी ओरडतात, मग देतात.

उपाय नवे नाहीत. रुरकीच्या सी.बी.आर.आय.नं काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइलची पद्धत विकसित केली. जमिनीत गोल भोक पाडायचं, तळाशी त्याला कांद्यासारखा फुगवटा करायचा (साधारण दांड्याच्या अडीचपट व्यास) आणि काँक्रीट भरायचं. फुगवटा अशा खोलीवर असतो, जिथे उन्हाळा-पावसाळा कळत नाही. खोल काळी असेल तर अशा पाइलची लांबी साडेतीन मीटरपेक्षा कमी नको, असं आय.एस. २९११ सांगतं. दुसरा मार्ग आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातला. काळी काढून तिथे न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर जाड थर ठोकून बसवायचा, त्याला सी.एन.एस. थर म्हणतात. कालव्यांच्या कामात त्याचा उपयोग झाला. आपल्याकडे चांगला मुरूम त्याच्या जवळ जाऊ शकतो, पण तो तपासून घ्यायला हवा. नुसता 'मुरूम आहे' म्हणून चालत नाही.

हे सगळं घर बांधायच्या आधीचं. बांधून पंचवीस वर्षं झालेल्या घराचं काय? त्याबद्दल पुढे सांगतो, आधी साताऱ्याला जाऊन येऊ.

साताऱ्याचा उतार

आमचं घर साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या एका उपनगरात. चार फुटांवर कडक मुरूम लागला, कुदळ उडायला लागली आणि वडिलांनी पेढे वाटले. सगळा सातारा मुरमावर नाही, वेण्णेकडे उतरलात की काळी भेटते. पण डोंगराकडच्या घरांना मातीच्या फुगण्याचा त्रास नसतो. त्यांचा त्रास निराळा.

उतारावर सपाट जागा करायची म्हणजे वरचा भाग कापायचा आणि तीच माती खाली भरायची. अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर. भराव बसतो, मूळ जमीन बसत नाही. शेजारच्या घराला याच रेषेवर उभी भेग आहे. ती मे महिन्यात उघडत नाही आणि ऑगस्टमध्ये मिटत नाही, दर वर्षी केसभर वाढते. मामाची भेग आणि ही भेग फोटोत सारख्या दिसतील, पण दोन्हींचं औषध वेगळं. मागची संरक्षक भिंत हाही साताऱ्याच्या घरांचा अवयवच. तिच्यात पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात. पाल-विंचू येतात म्हणून आमच्या गल्लीत दोघांनी ती सिमेंटनं बुजवली. भिंतीमागे साठलेलं पाणी भिंतीला किती जोरात ढकलतं, हे सेकंड इयरला शिकलेल्या कुणालाही सांगता येईल. सुट्टीत मी एकाची भोकं पुन्हा मोकळी करून दिली आणि आत जाळी लावली. दुसरे काका ऐकत नाहीत.

उताराकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते सातारा जिल्ह्यानं जुलै २०२१ मध्ये पाहिलं. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं घरांसकट गेली. ते डोंगर आपल्या उपनगरांपेक्षा पुष्कळ वेगळे आहेत आणि तिथला पाऊसही, पण पाणी मुरून जड झालेली माती उतारावरून खाली येते हा नियम दोन्हीकडे एकच.

आणि भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ ते ६.५ (मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो) तीव्रतेचा धक्का बसला. आमची आजी अजून 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असं वर्ष मोजते. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटून पडले, कारण त्यांना आरपार बांधणारे लांब दगड नव्हते आणि वरून घर कवळणारा पट्टा नव्हता. जोत्याला, लिंटेलला आणि छताला सलग आर.सी.सी. पट्टा घालायचा आग्रह त्यासाठीच धरतात. हाच पट्टा काळ्या मातीवरच्या घरालाही वाकण्यापासून थोडा सांभाळतो. मामाच्या घराला लिंटेलचा पट्टा फक्त खिडकी-दारांपुरता आहे, सलग नाही. लोखंड वाचलं, भेग आली.

साताऱ्याचा पाऊस, सांगलीचा पूर

सांगलीत साताऱ्याच्या मानानं पाऊस कमी. तरी बुडते सांगली. महाबळेश्वराच्या डोंगरातून निघालेली कृष्णा माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना घेते आणि सांगलीला येते. लगेच पुढे हरिपूरला वारणा मिळते. वारणेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. आमच्याकडे तीन दिवस छत्री मिटत नाही, तेव्हा मी मामाला फोन करतो. हवामानखात्यापेक्षा मामाचा त्या फोनवर जास्त विश्वास.

सांगलीची उंची मोजायची पट्टी म्हणजे १९२९ चा आयर्विन पूल. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्या वर. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. अलमट्टीवर चहाच्या टपरीवर वाद घालायला सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण घर असलेल्या माणसानं आधी एक साधी गोष्ट शोधावी. पुलावर किती फूट झाले की माझ्या फाटकाशी पाणी येतं? हा आकडा प्रत्येक गल्लीचा वेगळा. ज्यांनी २००५ चं पाणी भिंतीवर रंगाच्या रेघेनं नोंदवून ठेवलं, त्यांना २०१९ मध्ये किती तास हातात आहेत याचा अंदाज तरी करता आला. मामानं २००५ नंतर घर रंगवताना ती रेघ पुसली होती. "घाण दिसत होती रे," म्हणाला.

२०१९ ला मी शाळेत होतो. मामाचं लक्ष नदीच्या दिशेला होतं आणि पाणी मागच्या बाजूनं आलं, नाल्यातून. हे सांगलीकरांना नवीन नाही. शेरीनाल्यासारखे नाले एरवी गावाचं पाणी नदीत नेतात, नदी चढली की तेच नाले उलटे वाहतात. मामाचं जोतं दोन फूट, पाणी त्याच्याही वर गुडघाभर. खरं तर जोतं बांधलं तेव्हा तीन फुटांचं होतं. मग दर चार-पाच वर्षांनी रस्त्यावर खडी-डांबराचा थर चढत गेला, जुना थर कुणी खरवडला नाही. रस्ता वर गेला आणि घर खाली. तुमच्या गल्लीत फाटकातून आत जाताना पायरी उतरावी लागते का ते बघा.

नदीकाठची सगळीच जमीन काळी नाही, हेही सांगायला हवं. हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणायचे आणि त्यात ती वर्षानुवर्षं कोरडी राहायची, इतकी तिथली माती घट्ट. २००५ च्या पुरानं ती पेवं भरली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची साठवणूक गेली. मातीची परीक्षा पेवं उत्तीर्ण झाली होती, पाण्याच्या उंचीत नापास झाली. घरासाठी दोन्ही पेपर द्यावे लागतात.

गल्ली

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्याला एकर विकण्यापेक्षा गुंठे विकणं परवडलं आणि नोकरदाराला तेवढंच झेपलं. त्यातून गुंठेवारी वाढली, ती नियमित करायला २००१ साली कायदा झाला. कागद नियमित झाले, पण गटार कागदावर वाहत नाही. आराखडा मंजूर करून पाडलेल्या प्लॉटमध्ये रस्ता, मोकळी जागा, पाण्याची वाट आधी ठरते. गुंठेवारीत घरं आधी येतात आणि वाट उरली तर. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात काय हाल होतात याच्या बातम्या दर वर्षी येतात. साताऱ्याच्या उपनगरांचं दुखणं दुसरं होतं. शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग २०२० पर्यंत नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच होते. शहराला लागून, शहराच्या नावानं, पण कचऱ्याची गाडी कुणाची हा प्रश्नच.

पण गल्लीचा एक हिशोब आराखड्यात नसतो. २०१९ ला मामाच्या गल्लीत सतरा घरं, त्यातली पाच दुमजली. पाणी वाढलं त्या रात्री बाकीची बारा घरं या पाच घरांत विभागली गेली. कुणी यादी केली नव्हती. ज्या काकूंशी मामीचं नळाच्या पाण्यावरून दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्याच माडीवर मामा-मामी चार दिवस राहिले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना नेणारी बोट उलटली, ती बातमी त्याच माडीवर मोबाइलची शेवटची बॅटरी असताना कळली. त्यानंतर कुणी बोटीची घाई केली नाही, पाणी उतरेपर्यंत सगळे वरच थांबले. या गल्लीत आता प्रत्येकाला ठाऊक आहे की जिना कुणाकडे आहे, औषधं कुणाची फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि कुठल्या आजींना उचलून न्यावं लागेल.

मामाच्या घराचं पुढे काय

पूर ओसरल्यावर दोन महिने भेग दिसेनाशी झाली. मामा म्हणाला, नदीनं बुजवली. माती सगळीकडून सारखी भिजली, दुसरं काही नाही. पुढच्या मे महिन्यात ती पहिल्यापेक्षा मोठी झाली.

इंजिनिअरिंगला आल्यावर मी आणि माझ्या दोन मित्रांनी गवंड्याची पाण्याची नळी घेऊन घराच्या चारही कोपऱ्यांची पातळी घेतली. पुढचा उजवा कोपरा, अशोकाकडचा, खाली होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन कामं केली. मोरीचं आणि धुण्याचं पाणी पाइपनं लांब, थेट गटारात नेलं. गच्चीचं पाणी भिंतीशी पडत होतं, त्यालाही पाइप लावला. आणि घराभोवती पाच-सहा फूट रुंद फरसबंदी केली, खाली जाड प्लॅस्टिक, वर बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे कडेच्या मातीची ओल फार बदलू नये. मी अशोक तोडायला सांगणार होतो. मामी आडवी आली, आणि सर म्हणाले मामी बरोबर आहे, मोठं झाड एकदम तोडलं की त्यानं ओढलेलं पाणी मातीत परत साठतं आणि तो कोपरा भलताच फुगतो. मग फांद्या हळूहळू कमी केल्या आणि उन्हाळ्यात झाडाला पाणी द्यायचं ठरवलं. ते काम मामीकडे.

भेग आम्ही बुजवली नाही. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलनं तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकणार. २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या रेघा मामानं आठवून ओट्याच्या खांबावर पुन्हा काढल्या आहेत, तेलरंगात. काच मार्चअखेर शाबूत होती. मे महिन्यात मामीचा फोन येईल.